सुरतवाल्यांसाठी घेतलेलं नेट

"आबा, घरमा माणसं कितला शेतस?"

धीरजनं स्टुलावर उभ्या उभ्या विचारलं. तोंडात दोन स्क्रू धरले होते, त्यामुळे प्रश्न थोडा फुटकाच निघाला. तळोद्यात घरोघरी नेटच्या जोडण्या देणं हे त्याचं काम. हिलाल आबांच्या पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वरच्या बाजूला तो पांढरी पेटी बसवत होता आणि आबा खाली स्टूल धरून उभे होते.

प्रश्न सोपा होता. आबांनी विचारसुद्धा केला नाही.

"चौतीस," ते म्हणाले.

ड्रिल थांबलं. धीरजनं मान वळवून खोली पाहिली. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर टीव्ही, खुंटीला एक टोपी आणि एक कापडी पिशवी. आतल्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं, तिथं दोन ताटल्या पालथ्या घातलेल्या.

"चौतीस?"

"पस्तीस," आतून दगूबाईंचा आवाज आला. "नवनीतना धाकला भाऊले फागुनमा पोर व्हयनी, ती इसरनात का?"

"हा, पस्तीस," आबा म्हणाले. "लिख, पस्तीस."

धीरजनं स्क्रू तोंडातून काढले. लहान वयात त्यानं बरीच घरं पाहिली होती, आणि लोकांच्या घरात डोकावून प्रश्न विचारायचे नाहीत हे तो शिकला होता. "मंग लहान प्लॅनवर काय व्हई? सगळासमा मोठा ल्या. पाचशे एमबीपीएसना. एकदम सगळा मोबाईल लागनात तरी अटकणार नही."

"सगळासमा मोठा दे," आबांनी सांगितलं.

आबा खोटं बोलले असं कृपया समजू नका. ज्या घरात कानबाई बसते तिथल्या म्हाताऱ्या माणसाला 'घरात माणसं किती' असं विचारलं, की तो खाटा मोजत नाही, गहू मोजतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी नारळाच्या रूपात चौरंगावर बसते आणि सोमवारी तिला निरोप देतात. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि ते वेगळे दळायचे. माणूस सुरतेला असो, पुण्याला असो, नाहीतर पाळण्यात असो, मूठ त्याच्या नावाची पडतेच. बहुतेक घरांत फक्त पुरुषांची नावं घेतात. पण दगूबाईंनी सासू गेल्यावर सुना आणि पोरींची नावंही घालायला सुरुवात केली. आबांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी तेच नावं आठवून देऊ लागले. तेव्हा पस्तीस हा आकडा अगदी बरोबर होता. त्यातली तेहेतीस माणसं तळोद्यात राहत नव्हती, एवढंच.

आबा म्हणजे बाजार समितीतले मापाडी. उभा जन्म दुसऱ्याची ज्वारी, दुसऱ्याचा कापूस, दुसऱ्याची मिरची काट्यावर चढवण्यात गेला. शेतकऱ्याकडून नाही की व्यापाऱ्याकडून नाही, काटा जिथं थांबेल तिथं आकडा पुकारायचा, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे ते कुणाचेच फार लाडके नव्हते आणि त्यांच्याशी कुणाचं फार वाकडंही नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या जागी कुणीतरी दुसरा आकडे पुकारत होता. आबांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. माप संपलं, पण मोठेपण होतं. घरात ते सगळ्यात थोरले होते, आणि कानबाई त्यांच्या घरी बसत होती. यापेक्षा माणसाला आणखी काय लागतं, असं त्यांना मनापासून वाटे.

नेटचं खूळ निघालं ते आषाढात, नवनीतच्या फोनमुळे. नवनीत म्हणजे आबांच्या धाकट्या भावाचा, चुनीलालचा, थोरला मुलगा. चुनीलाल तरुणपणीच सुरतेला गेला, साड्यांच्या धंद्यात शिरला, तिथंच त्याचा गोतावळा वाढला, आणि तीन वर्षांमागे तिथंच तो गेला. पस्तिसातली निम्म्याहून जास्त माणसं त्याचीच. आता धंदा नवनीत बघतो. साड्या मोबाईलवर विकल्या जातात, पोरांच्या शिकवण्या मोबाईलवर होतात, असं काय काय त्यानं फोनवर सांगितलं आणि मग मुद्द्यावर आला.

"मोठाबा, अवंदा कानबाईले येवानं जमावानं कठीण शे. तुमना आठे नेट नही. सोमवारे आमनी सगळी बुकिंग ऱ्हास. एक दिवस बंद ठेवं का गिऱ्हाईक दुसराकडे जास."

"नेट नही म्हणीसन येत नही?"

"हाऊ मोबाईलना नेट काय कामना? गोल गोल फिरस नुसता."

"बस, इतलंच ना?" आबा म्हणाले. त्यांना तर हायसंच वाटलं. भांडण नाही, रुसवा नाही, कुणाचं मन दुखावलेलं नाही, अडचण फक्त नेटची. ती तर तळोद्यातच सुटण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी ते केबलवाल्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

तर असं ते पाचशेचं नेट घरात आलं आणि महिनाभर नुसतं बसून राहिलं. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. आबा सकाळी मोबाईलवर पावसाचा अंदाज बघायचे आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन आभाळ बघायचे. दगूबाई दुपारी कानबाईची गाणी लावून गव्हातले खडे काढायच्या. कधी पुण्याला मुलाशी, राजेंद्रशी बोलायच्या, कधी सुरतेला जावेशी. बास. पी हळद आणि हो गोरी म्हणतात, तसं नेट आलं म्हणून दोन म्हाताऱ्या माणसांचं आयुष्य काही एका महिन्यात बदलत नाही.

धीरज पहिल्या महिन्यानंतर सहज डोकावला. आपल्या मोबाईलवर काहीतरी उघडून त्यानं आबांपुढे धरलं.

"आबा, महिनाले साडेतीन हजार जीबी तुमले मियतस. तुम्ही वीस बी वापरनात नही."

"मंग उरेल पुढला महिनामा येई ना?"

"नही येत आबा. गया ते गया." धीरज जरा घुटमळला. "एक सांगू का? तुमले दोन्हीले सगळासमा लहान प्लॅन बी जास्त व्हई. अंथरूण दखीसन पाय पसरवाना ना आपन?"

"अंथरूण पस्तीस जनस्नं शे," आबा म्हणाले. "श्रावण व्हऊ दे, मंग दख तू."

सगळ्यात आधी आली ती सून, स्वप्नाली. माहेर नाशिकचं, नोकरी पुण्यातल्या एका विमा कंपनीत, आणि काम घरूनच. घरात नेट आहे कळल्यावर ती छोट्या गायत्रीला घेऊन आठवडाभर आधीच आली. पलंगावर मांडी घालून लॅपटॉप उघडायची, कानाला ते लावायची आणि साहेबांशी इंग्रजीत बोलायची. आबा दारातून जाता-येता कौतुकानं पेटीच्या दिव्याकडे बघायचे. सुनेच्या हापिसाचा भार आपल्या भिंतीवरची पेटी पेलते आहे, याचं त्यांना फार समाधान.

"बाबा, हे पाचशेचं कशाला घेतलंत?" तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं. "माझी मीटिंग, गायत्रीचं कार्टून, आईंचा फोन, सगळं एकदम चालू असलं तरी चाळीस-पन्नासात भागतं. यात तर एखादं वसतिगृह चालेल. किती माणसं सांगितली होती त्यांना?"

"पस्तीस."

स्वप्नाली मोठ्यानं हसली. मग तिच्या लक्षात आलं पस्तीस कुठून आले ते, आणि ती हसायची थांबली. "बरोबर आहे," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

तिनंच दुसरं एक केलं. मोबाईलवरचा फोन मोठ्या टीव्हीवर दिसतो, हे सासूला दाखवलं. तोवर दगूबाई जावेशी बोलायच्या ते तुळशीजवळच्या कोपऱ्यात, मोबाईल उंच धरून. समोर सुपडाबाईचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा व्हायचा, तोंड उघडं राहायचं आणि शब्द मागाहून यायचे. सुपडाबाई म्हणजे चुनीलालची बायको, नवनीतची आई. दोघी जावांची जन्माची मैत्री.

गुरुवारी दुपारी आबा बाजारातून आले. झिमझिम पाऊस होता. टोपी झटकून ते आत शिरायला गेले आणि उंबऱ्यावरच थबकले. समोर भिंतीवर, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ, एक म्हातारी बाई बसली होती. डोक्यावरून पदर खाली पडलेला, पांढरे केस विस्कटलेले. आवाजावरून ओळख पटली. सुपडाबाई! आबा जेठ, ती धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्यांच्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी राहत आली होती. त्यांच्याशी कधी थेट बोलली नव्हती. जे सांगायचं ते दगूबाईंना सांगायची आणि दगूबाई तीन हातांवर उभ्या असलेल्या नवऱ्याला तेच परत सांगायच्या. आबांनी तिचा चेहरा नीट असा आज पहिल्यांदा पाहिला, आणि ते असे झटकन मागे फिरले की एक चप्पल उंबऱ्यातच राहिली.

पण पाहिलेलं काही पुसता येत नाही. त्या एका नजरेत आबांनी बघायचं ते बघितलं होतं. चित्रच तसं लख्ख होतं. सुपडाबाई लोखंडी खाटेवर टेकून बसली होती. खाटेला चार पायांचा तो धरून चालायचा सांगाडा टेकवलेला होता. आणि मागच्या भिंतीशी एक कोरा चौरंग होता, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

आबा ओट्यावर बसले. दगूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा होता.

"जीजी, हाड जुडी गयं, पन बठाले गयं का कळ येस," सुपडाबाई सांगत होती. "गाडीमा कशी इसू मी? दोन साल व्हयनात, कानबाईनं तोंड दखं नही. यास्ना जीव गया, मन्हा बी काय भरवसा? एक डाव मन्हा घरमा, मन्हा डोयासमोर बठनी पाहिजे."

"माले समजस वं," दगूबाई म्हणाल्या.

"नवनीतनी चौरंग बी आणेल शे. पन मोठास्ले इचारवानी त्यानी छाती नही. म्हणीसन नेटना बहाना करना. आते मोठास्नी नेटच ली टाकं, मंग पोऱ्या काय बोली?"

दोघी हसल्या. हसता हसता सुपडाबाईनं नाक ओढलं, तेही ओट्यावर अगदी स्वच्छ ऐकू आलं.

आबांना राग आला. आधी नवनीतचा आला. मग बायकोचा. मग त्या पेटीचा आला, आणि तो सगळ्यात जास्त आला. एवढं मोठं नेट घरात आणलं ते माणसं घरी यावीत म्हणून, आणि त्यानं दाखवलं काय, तर माणसं वेगळी निघालेली! ते ठिपक्यांचं जुनं नेटच बरं होतं. त्यात चौरंग दिसला नसता.

चुनीलालच्या तेराव्याला, सगळ्या भाऊबंदांसमोर ते बोलले होते: मी जिवंत आहे तोवर कानबाई एकच. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आबांना वाटलं होतं की आपण घर बांधून ठेवलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटाकडे बघतच विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मंग सांगं कसाले नही?"

दगूबाईंनी भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली. "तुम्ही सांगेल ना तेरावाले, मी जित्ता शे तोवर एकच. मंग काय करवानं? सुपडानी तुमना मरवानी वाट दखवानी का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको इतकं सरळ कधी बोलली नव्हती. ते घास गिळून पाणी प्यायले आणि उठले. खरं सांगायचं तर तिच्यावरचा राग तिथंच संपला. मागे उरलं ते दुःख, आणि ते रागापेक्षा जड होतं. सुरतवाल्यांची नावं निघाली की मुठी उरणार किती? उद्या कुणी विचारलं तर आबा कोणाचे थोरले?

शुक्रवारी सकाळी स्वप्नालीचं काम सुरू व्हायच्या आधी ते तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

"माले एक सांग. आपला नेटवर सुरतले रविवारे कानबाई दखाडता येई का? अख्खा कार्यक्रम?"

"येईल की बाबा. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस म्हणजे डोक्यावरून पाणी. आपल्याकडे पाचशे आहेत. शंभर काकूंना दाखवता येईल."

"काकू एकच शे," आबा म्हणाले. "दखाई तर देई. पन तिले हात लावता येई का? ओटी भरता येई का?"

स्वप्नालीनं लॅपटॉप मिटला. "ते नाही येणार, बाबा."

"मोठा प्लॅन लिधा तरी?"

"तरीसुद्धा नाही."

आबांनी मान हलवली. टोपी घातली आणि बाजारात गेले. दुकानदारानं दिलेले पहिले चार नारळ त्यांनी परत केले. पाचवा कानाशी हलवून पाहिला, शेंडी पाहिली, डोळे पाहिले आणि पिशवीत टाकला. घरी येऊन तो दगूबाईंच्या हातात दिला. कानबाईचा नारळ त्यांच्याकडे पिढीजात होता, दरवर्षी तोच मांडायचे. नव्या नारळाची गरजच नव्हती. दगूबाईंनी नारळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तो देव्हाऱ्यात ठेवला.

शनिवारी राजेंद्र आला. गहू मोजले, पस्तीसच्या पस्तीस मुठी. रविवारी दुपारी सुरतेच्या दोन गाड्या दारात थांबल्या आणि घर भरलं. सुपडाबाईजवळ एक सून थांबली होती, बाकी सगळे आले. नवनीतनं उतरता उतरताच पाया पडून विचारलं, "मोठाबा, नेट कशे शे?" आबा म्हणाले, "दख ना तूच."

आणि त्या दिवशी आबांचं नेट खरोखर बघण्यासारखं होतं. पोरं माळ्यावर, पोरं जिन्यात, पोरं अंगणातल्या बाजेवर. कुणी क्रिकेट बघतोय, कुणी गाणी, सुनांचे फोन चाललेत, नवनीतचे दोघे भाऊ साड्यांचे फोटो धाडतायत. एकाचंही काही अडकलं नाही. धीरजसुद्धा दर्शनाला म्हणून आला तेव्हा त्यानं मोबाईलवर आकडा पाहिला आणि सांगितलं की इतकी माणसं चिकटली तरी अजून अर्ध्याच्या वर मोकळंच आहे. आबांनी त्याला बळंच पुरणपोळी खायला घातली. रोट मात्र दिले नाहीत, ते घरच्यांनीच खायचे असतात.

दिवेलागणीला चौरंग मांडला. स्वप्नालीनं मोबाईल खुर्चीवर उभा केला आणि सुरतेचा फोन लावला. टीव्हीवर सुपडाबाई दिसली. आज डोक्यावर पदर होता, कारण जेठ समोर असणार हे तिला ठाऊक होतं. जुन्या नारळाला नथ घातली, डोळे लावले, चुनरी नेसवली. बायकांनी गाणं सुरू केलं. आणि मग आबा उठले, देव्हाऱ्यातला नवा नारळ आणला आणि जुन्याच्या शेजारी मांडला.

गाणं आपोआप थांबलं. त्या घराण्यात दुसरा नारळ मांडायचा म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. वेगळी कानबाई निघायची तर ती अशीच निघते, थोरल्याच्या हातानं, जुनीच्या शेजारी एक रात्र बसून.

"मोठाबा," नवनीत पुढे आला. "हाई दुसरं कोनं?"

"तुमनं. पुढला सालपासून सुरतले बसाडा."

"तुमले कोनी सांगं?"

"कोनीच नही. टीव्हीवर दखं," आबा म्हणाले. कुणालाच काही कळलं नाही, दगूबाई सोडून. त्यांनी पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की आणखी कशाला, ते मात्र सांगता येणार नाही.

नवनीत धंद्यातला माणूस. दिवसभर बोलून साड्या विकतो. पण आता त्यानं नुसतं आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि लवकर उचललं नाही. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपली छाती आता फुटणार असं त्यांना सकाळपासून वाटत होतं, तसं काही झालं नाही. दुखलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. टीव्हीवर सुपडाबाईनं पदर आणखी खाली ओढून हात जोडले होते. एवढ्या पदरातून तिला कानबाई कशी दिसली, ते तिचं तिलाच माहीत.

सोमवारी सकाळी दोन्ही नारळ वाजतगाजत नदीवर नेऊन परत आणले. रोटांचं, गंगाफळाच्या भाजीचं आणि खिरीचं जेवण झालं. दुपारी गाड्या निघाल्या. नवनीतच्या बायकोच्या ओटीत दगूबाईंनी नवा नारळ घातला आणि ती तो मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. गाडीचा पट्टा तिनं नारळावरून घेतला. आबांनी ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

मंगळवारी स्वप्नालीनं धीरजला बोलावलं आणि प्लॅन उतरवला. चाळीसचा घेतला. "हाऊ बी तुमले जास्तच व्हई," धीरज म्हणाला. मग कामाचा माणूस म्हणून त्यानं पुढचंही विचारलं, "पुढला कानबाईले परत मोठा करी दिसू का आबा?"

"नको. पुढला साल इतली गर्दी नही ऱ्हावानी."

आबा हे अगदी साध्या आवाजात बोलले.

बुधवारी पुण्याची माणसंही गेली. घरात दोघं आणि डबाभर रोट उरले. ते पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात, आणि बाहेरच्या कुणाला द्यायचे नसतात. तेव्हा दोघं सकाळ-संध्याकाळ दुधात मोडून तेच खात होती. आबांच्या दोन दाढा आहेत, दगूबाईंची एक, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

असंच खात बसले असताना सुरतेचा फोन आला. दगूबाईंनी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. टीव्हीवर लावायचं कसं ते त्या विसरल्या होत्या. पण चित्र स्वच्छ होतं, चाळीसच्या प्लॅनवरही तेवढंच. चौरंगाचं प्लास्टिक निघालं होतं, त्यावर नारळ होता, जवळ परातीत गहू. नारळ घरी नेला की त्याच्याशेजारी नव्या घराचे गहू नावं घेऊन ठेवायचे, ही रीत. सुपडाबाई खाटेच्या कडेला बसली होती, एक हात नारळावर. आबा दिसताच तिनं पदर ओढला. आबांनीही मर्यादा म्हणून पाठ फिरवली आणि वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

"जीजी, मोठास्ले इचार ना," सुपडाबाई म्हणाली. "पहिली मूठ कोना नावनी लेवानी?"

"पहिली मूठ कोना नावनी, म्हणस ती," दगूबाईंनी मान वळवून सांगितलं.

"नवनीतनी," आबा भिंतीला म्हणाले. "त्या घरमा तोच मोठा."

"नवनीतनी, म्हणतस."

पलीकडे पदर हलला. परातीत गव्हाचा आवाज झाला.

"नही म्हना त्यास्ले. आठे बी पहिली मूठ मोठास्नीच पडी. दुसरी जीजीनी. मंग नवनीतनी, मंग बाकीनास्नी. माले दुसरी रीत माहीत नही."

दगूबाईंनी हे काही परत सांगितलं नाही. आबांच्या हातातला चमचा वाटीतच राहिला होता. टोपीखालून मानेवरचे पांढरे केस दिसत होते आणि खांदे किंचित हलत होते.

"जीजी? ओ जीजी!" सुपडाबाई मोठ्यानं विचारत होती. "मोठा काय बोलनात? माले ऐकूच नही उनं. तुमनं नेट गयं का वं?"

"नही वं," दगूबाई म्हणाल्या. "नेट चांगलं शे. त्याच चूप बठेल शेतस."